एमआरआय नॉर्मल आलाय, मग पोराला झालंय काय?

२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. दरवर्षी एक प्रेसनोट येते, रॅलीचा एक फोटो येतो, आतल्या पानावर दोन कॉलम लागतात आणि विषय संपतो. आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

कारण असं, की बारामती आणि इंदापूर तालुक्यात गेल्या काही वर्षांत एक वाक्य सारखं कानावर पडायला लागलंय. ‘डोक्याचा एमआरआय काढला, नॉर्मल आला.’ पूर्वी एमआरआय म्हटलं की पुणं गाठावं लागायचं. आता बारामतीत होतो. त्यामुळे पोरगं रात्र-रात्र झोपेना, एकटंच बोलायला लागलं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायला लागलं, की देवऋषी, अंगारा, दर्गा सगळं करून झाल्यावर घरचे पाच-सात हजार घालून डोक्याचा फोटो काढून आणतात. फोटो नॉर्मल येतो. आणि तिथून घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, मशिनीत काही नाही म्हणजे पोरगं नाटक करतंय, कामाला जुंपा. दुसरी म्हणते, मशिनीत काही नाही म्हणजे हे बाहेरचंच आहे. भांडण कितीही होऊ द्या, एका गोष्टीवर दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं: गोळ्या बंद.

इंदापूर तालुक्यातले एक गृहस्थ अशीच फाईल कापडी पिशवीत घालून मला भेटले होते. गाव सांगत नाही. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. ‘दादा, तुम्ही वाचता-बिचता. यात काही दिसतंय का बघा की.’ ती काळी फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली होती. रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत लिहिलं होतं की मेंदूत कोणतीही लक्षणीय विकृती नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की मुंबईत याहून भारी एमआरआय असतो, त्यात मेंदूच्या तारा रंगीत दिसतात, तो केला की आजार पकडता येतो. जमीन गहाण टाकावी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्या रंगीत तारांच्या फोटोला डिफ्यूजन इमेजिंग म्हणतात. तो खरा आहे, त्याचं विज्ञानही खरं आहे आणि स्किझोफ्रेनियाबद्दल त्यानं बरंच काही शिकवलंय. पण तो त्या गृहस्थांच्या पोराबद्दल काय सांगू शकतो, हे कळायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत एमिल क्रेपलिन नावाचे डॉक्टर रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवत होते. ऐन तारुण्यात सुरू होणारा आणि माणसाची बुद्धी, उमेद पोखरत नेणारा एक आजार त्यांनी वेगळा काढला. त्याला त्यांनी लॅटिनमध्ये जे नाव दिलं त्याचा अर्थ साधारण ‘अकाली बुद्धिभ्रंश’. पुढं स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये बर्लिनच्या एका व्याख्यानात ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरला आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ग्रीक शब्दांचा अर्थ ‘फाटलेलं मन’. मराठीत त्याचं ‘छिन्नमनस्कता’ झालं आणि सिनेमावाल्यांनी ‘एका माणसात दोन माणसं’ करून टाकलं. ती भलतीच गोष्ट आहे. ब्लॉयलरना म्हणायचं होतं, की विचार, भावना आणि वागणं एरवी एका दोरीत गुंफलेलं असतं, या आजारात ती वीण सुटते. बातमी वाईट आहे हे कळतं पण चेहऱ्यावर हसू येतं, वाक्य सुरू एका विषयावर होतं आणि संपतं दुसऱ्यावर. नावानं रुग्णांचं इतकं नुकसान केलं, की जपाननं २००२ मध्ये ते अधिकृतपणे बदलून टाकलं.

त्याच काळात मेंदूवाल्या डॉक्टरांची दुसरी फळी होती. व्हिएन्नाचे थिओडोर मायनर्ट मेंदू कापून त्यातले पांढरे धागे मोजत-मांडत बसायचे. मेंदूची वरची करडी साल विचार करते असं धरलं, तर आतला पांढरा भाग म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निरोप नेणाऱ्या तारांचे जुडगे. मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग या तारांनीच भरलेला असतो. पुढं डेन्मार्कच्या संशोधकांनी हिशोब केला, तेव्हा विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत अशा तारांची एकूण लांबी १ लाख ७६ हजार किलोमीटर भरली. पृथ्वीला चार फेऱ्या मारून उरेल एवढी. मायनर्ट यांच्याकडे शिकून गेलेले कार्ल वेर्निके म्हणाले, की वेडाच्या काही प्रकारांत मेंदूचे भाग शाबूत असतात, त्यांच्यातल्या जोडण्या सुटलेल्या असतात. म्हणजे ‘तारा तुटल्या’ ही कल्पना मशिनीच्या शंभर वर्षं आधीची आहे. पुरावा मात्र काही नव्हता. मेल्यावर मेंदू कापला तरी डोळ्याला काही दिसायचं नाही.

या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? पुण्यात येरवड्याचं मनोरुग्णालय उभं राहत होतं. १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट आला. त्यात भर होता तो धोकादायक माणसाला कोर्टाच्या हुकमानं आत ठेवण्यावर. हा कायदा १९९३ पर्यंत चालला, १९८७ चा नवा कायदा लागू व्हायला तेवढा वेळ लागला. येरवड्याची क्षमता २,५४० खाटांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाची वस्ती. पुणे जिल्ह्यात कुणाची चेष्टा करायची तर आजही ‘याला येरवड्याला न्या’ म्हणतात, मुंबईकडं ‘ठाण्याला’, विदर्भात ‘नागपूरला’. आजारावर उपचार होणाऱ्या जागेची आपण शिवी केली. कॅन्सरच्या दवाखान्याच्या नावानं असं कुणी म्हणत नाही.

मेंदूत काही सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी दोष देण्यासाठी दुसरं माणूस शोधलं. आई. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरला. थंड, दडपणारी आई असली की मूल असं होतं, असं पुढची पंचवीस-तीस वर्षं शिकवलं गेलं. पुरावा शून्य. आपल्याकडं ‘तुझ्या लाडानं बिघडला’ हे आईला ऐकवायला कुणा मानसतज्ज्ञाची गरज कधी लागली नाही, पण त्यांचं पुस्तकात छापून आलं होतं एवढाच फरक. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे पहिलं परिणामकारक औषध मिळालं, भास आणि संशय गोळीनं कमी होतात हे दिसलं, तरी आईची सुटका लगेच झाली नाही.

मेंदूत खरंच काही फरक असतो का, हे पाहायचा एक प्रयत्न १९२७ मध्ये जर्मनीत झाला होता. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तिथं हवा भरायची, ती मेंदूतल्या पोकळ्यांत चढू द्यायची आणि एक्स-रे काढायचा. काही रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पण निरोगी माणसावर हा छळ कोण करून घेणार? तुलना करायला कुणी नाही, म्हणून निष्कर्ष लटकत राहिला. मग इंग्लंडमध्ये गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्री हाऊन्सफिल्ड यांनी सीटी स्कॅन बनवला. १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं डोकं त्यात गेलं. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळात ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या १७ रुग्णांचे स्कॅन निरोगी माणसांशी ताडून पाहिले. रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या सरासरीनं मोठ्या होत्या. छोटासा अभ्यास, पण त्यानं आईवरचा खटला जवळपास निकाली काढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात माणुसकीचा फोटो तोच.

आता मुख्य मशिनीकडे येऊ. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याचा फोटो निघतो. याबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. पण साध्या एमआरआयला पांढरा भाग म्हणजे एकसारखा पांढरा गोळा दिसतो. तारा कुठून कुठं गेल्या, ते कळत नाही. १९८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये डेनी ल बिहान यांनी याच मशिनीनं पाणी किती हलतंय ते मोजायला सुरुवात केली.

इथं मी आपल्या भागातलं उदाहरण देतो, कारण त्याहून सोपं मला सुचत नाही. काळ्या रानात घागरभर पाणी ओता. ते चहूबाजूंना सारखंच मुरतं, ओल गोल पसरते. तेच पाणी चारीत ओता. ते चारीच्या दिशेनं पळतं, आडवं फारसं जात नाही. आता समजा तुम्हाला चारी दिसत नाही, फक्त ओल कशी पसरली तेवढं दिसतंय. ओल गोल असेल तर तिथं चारी नाही, लांबट असेल तर आहे, आणि लांबी ज्या दिशेला तीच चारीची दिशा. डिफ्यूजन इमेजिंग हेच करतं. मेंदूतलं पाणी सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात काही मायक्रॉन सरकतं, केसाच्या जाडीपेक्षा कमी. मशीन वेगवेगळ्या दिशांनी ही हालचाल मोजतं. कमीत कमी सहा दिशा लागतात, चांगल्या अभ्यासात तीस, साठ किंवा जास्त घेतात. १९९४ मध्ये अमेरिकेत पीटर बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी या मापांतून प्रत्येक ठिपक्याच्या ओलीचा आकार काढायचं गणित मांडलं. आकार गोल असेल तर आकडा ० कडे, अगदी सुतासारखा लांबट असेल तर १ कडे. या आकड्याला एफए म्हणतात. आणि दिशांना रंग दिले, की ते सुंदर रंगीत जाळं तयार होतं, जे कुणीतरी त्या गृहस्थांना मोबाईलवर दाखवलं होतं.

(जाता जाता: याच तंत्राचा साधा प्रकार लकव्यात रोज जीव वाचवतो. रक्त अडलं की त्या भागातल्या पाण्याची हालचाल काही मिनिटांत मंदावते आणि फोटोत तो भाग चमकतो. १९९० मध्ये मायकेल मोझली यांनी मांजरांच्या मेंदूत हे दाखवलं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात पडला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच तासाला निघा.)

हत्यार हातात आल्यावर स्किझोफ्रेनियाचा नंबर लवकरच लागला. वेर्निकेंची जुनी कल्पना लंडनच्या कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्ये नव्यानं मांडली होती: बिघाड मेंदूच्या एखाद्या भागात शोधू नका, भागांमधल्या संवादात शोधा. १९९८ मध्ये अमेरिकेत बुक्सबाउम यांच्या गटानं पाच रुग्ण आणि सहा निरोगी माणसं घेऊन पहिला असा अभ्यास छापला. पाच! आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या पोटनिवडणुकीचा अंदाज सांगायलाही याहून जास्त माणसांना विचारतात. पुढच्या वर्षी केल्विन लिम यांच्या गटानं दहा आणि दहा घेतले. एफए रुग्णांमध्ये कमी निघाला. मग लाटच आली. कुणाला फरक कपाळामागच्या तारांत दिसला, कुणाला कानाजवळच्या, कुणाला दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या जाड पुलात, तर कुणाला कुठंच नाही. २००९ मध्ये एलिसन-राइट आणि बुलमोर यांनी १५ अभ्यास, ४०७ रुग्ण आणि ३८३ निरोगी माणसं एकत्र करून पाहिली, तेव्हा डाव्या बाजूच्या दोन जागा ठळकपणे पुढं आल्या.

मला स्वतःला यातला सगळ्यात विचारात पाडणारा अभ्यास बर्नचा वाटतो. २००४ मध्ये डानिएला हुब्ल यांच्या गटानं कानात आवाज येणारे १३ रुग्ण, आवाज न येणारे १३ रुग्ण आणि १३ निरोगी माणसं घेतली. बोलणं तयार करणारा भाग आणि बोलणं ऐकणारा भाग यांना जोडणारी एक कमानीसारखी तार असते. आवाज येणाऱ्यांमध्ये त्या तारेच्या काही भागात एफए कमी असण्याऐवजी जास्त निघाला. आपण सगळेच मनात बोलतो. ते आपलंच बोलणं आहे, हे मेंदूला कळत असतं. ती जोडणी वेगळी असली तर स्वतःच्याच मनातलं वाक्य परक्याच्या तोंडचं वाटू शकेल, असा त्यामागचा तर्क. ‘मला शिव्या देतायत’ म्हणून रात्री अंगणात धावणारं पोरगं खोटं बोलत नसतं. त्याला खरोखर ऐकू येत असतं. एवढं जरी घरच्यांना पटलं तरी अर्धी मारहाण थांबेल.

२०१८ मध्ये सगळ्यात मोठा हिशोब आला. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटात सिनेड केली आणि सहकाऱ्यांनी २९ ठिकाणची माहिती एकत्र केली: १,९६३ रुग्ण, २,३५९ निरोगी. मेंदूतल्या २५ पैकी २० भागांत रुग्णांचा एफए कमी. म्हणजे एकच तार तुटलीय असं काही नाही, जवळजवळ सगळ्याच जाळ्यात थोडा-थोडा फरक. आणि औषधाच्या डोसाशी त्या फरकाचा संबंध सापडला नाही. ‘गोळ्यांनी मेंदू खराब होतो’ असं सांगत फिरणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पण ‘थोडा-थोडा’ म्हणजे किती, तिथंच सगळी मेख आहे. सगळ्यात जास्त फरक असलेल्या भागाचा आकडा घेऊन मी हिशोब केला. एक रुग्ण आणि एक निरोगी अशा शंभर जोड्या लावा. त्यातल्या साधारण ६१ जोड्यांत रुग्णाचा एफए कमी निघेल. उरलेल्या ३९ जोड्यांत उलटं, निरोगी माणसाचाच कमी! नाणं उडवलं तरी ५० वेळा बरोबर येतं. म्हणजे हजारो माणसांच्या सरासरीत पक्का दिसणारा फरक एका माणसाच्या फिल्मवर दिसेलच असं नाही, आणि दिसला तरी त्यावरून निदान करता येत नाही. इंदापूरच्या त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं. मुंबईला जाऊन रंगीत फोटो आणला असता, तर भिंतीला लावायला छान होता.

शिवाय तो एफए नक्की काय मोजतो, यावर शास्त्रज्ञांतच भांडण आहे. वर्तमानपत्रवाले (आमचीच जात) एफए कमी दिसला की ‘मेंदूच्या वायरिंगचं इन्शुलेशन उडालं’ असं ठोकून देतात. तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेटोळं असतं, त्यानंच तो भाग पांढरा दिसतो, आणि ते पातळ झालं की आकडा उतरू शकतो, हे खरं. पण १९९४ मध्ये ब्यूल्यू आणि ॲलन यांनी गार नावाच्या माशाच्या मायलिन नसलेल्या मज्जातंतूतही पाणी लांबटच सरकतं, हे दाखवलं. म्हणजे चारीला काँक्रीटचं अस्तर असो नसो, पाणी चारीनंच जातं. अस्तरानं पाझर थोडा थांबतो एवढंच. पाझराचं महत्त्व आपल्या लोकांना सांगायला नको, नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला विहिरीवाल्यांनी विरोध केला तो उगाच नाही.

दुसरं, एका ठिपक्याची बाजू दोन मिलिमीटरची, त्यात तारा लाखो. दोन जुडगे एकमेकांना आडवे जात असतील, तर ओल दोन्हीकडं पसरते, आकडा पडतो, आणि तुटलेलं काहीच नसतं. ओढ्यावरून कालवा जातो तिथं वरून बघणाऱ्याचा असाच गोंधळ होईल. तिसरं, तारांच्या बाहेर ओल वाढली, तरी आकडा पडतो. २०१२ मध्ये ओफर पास्टर्नाक यांच्या बोस्टनमधल्या गटानं पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांच्या मेंदूत तारांच्या बाहेरचं पाणी वेगळं काढून पाहिलं. तर बराचसा फरक त्या बाहेरच्या पाण्याचा निघाला, तारांमधला फरक कपाळाच्या भागापुरता उरला. कदाचित सूज असेल, आणि सूज असेल तर ती उतरवताही येईल, अशी एक आशा त्यातून संशोधकांना लागली. चौथं, मशिनीत माणूस हलला तरी आकडे बिघडतात. संशय आणि भास असलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्या ठकठक करणाऱ्या बोगद्यात निश्चल झोपायला सांगणं सोपं आहे का? आणि ते रंगीत धागे? ते संगणकानं ठिपक्याला ठिपका जोडून काढलेले अंदाज असतात. २०१७ मध्ये वीस गटांना एकच कृत्रिम मेंदू देऊन धागे काढायला सांगितलं. त्यांच्या उत्तरांत खऱ्या जुडग्यांपेक्षा खोटे जुडगे जास्त निघाले.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग हे सगळं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. कपाळामागच्या आणि कानाजवळच्या तारा सगळ्यात उशिरा, विशी-तिशीपर्यंत पक्क्या होत राहतात, हे याच तंत्रानं दाखवलं, आणि स्किझोफ्रेनियाही नेमका त्याच वयात डोकं वर काढतो. कालव्याच्या टेलला पाणी शेवटी पोहोचतं, आणि वर कुठं काही बिघडलं की पहिली झळ टेललाच बसते. इंदापूरकरांना हे जास्त फोड करून सांगायची गरज नाही. आजाराची मुळं लहानपणापासून, कदाचित जन्माआधीपासून असतील पण तो दिसतो कॉलेजच्या वयात, याचा काहीतरी अर्थ आता लावता येतोय. म्हणून बारावीनंतर अचानक एकलकोंडं झालेलं पोरगं ‘मोबाईलनं बिघडलं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आपल्या देशाचा या संशोधनात एक विचित्र वाटा आहे. परदेशात आजारी पडलेल्या माणसाला लवकर औषध सुरू होतं, त्यामुळे मेंदूतला फरक आजाराचा की औषधाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये कधीच औषध न घेतलेले रुग्ण येतात, काही वर्षानुवर्षं आजारी असलेले, आणि त्यांच्या मेंदूवर तिथं महत्त्वाचे अभ्यास झाले. जगाच्या विज्ञानाला आपला उपयोग झाला, तो आपली माणसं उपचाराविना पडून होती म्हणून. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा गंभीर आजारांच्या चारपैकी जवळपास तिघांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता.

महाराष्ट्रानं दिलं ते वेगळ्या वाटेनं. धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून बोलतील असे गट तिथं चालू झाले. २००४ चा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा सिनेमा त्यांच्याच पाठबळावर झाला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात कोकणातल्या शेषची भूमिका केली, आणि भूत-पिशाच्च, दोन व्यक्तिमत्त्वं वगैरे मसाला न लावता हा आजार बहुतेक पहिल्यांदा मराठी घरांत दिसला. आयुष्यभर आकडे शिकवलेल्या माणसानं स्कॅनर घ्यायला पैसे न घालता सिनेमात घातले, हा हिशोब मला फार पटतो.

कायद्यानंही वाट बदलली, पण आधी माणसं जळावी लागली. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण गेले. सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली. आपल्याकडं डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ नं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी केली. तरी भिगवणपासून नरसिंहपूरपर्यंत आणि मोरगावपासून सणसरपर्यंत, गोठ्याशेजारच्या खोलीला बाहेरून कडी लावलेली घरं तुमच्या माहितीत नाहीत, असं छातीवर हात ठेवून किती जण सांगतील?

आता कामाचं. साधा एमआरआय डॉक्टर सांगतात तो गाठ, जंतुसंसर्ग, जुना मार, फिटची कारणं असलं दुसरं काही नाही ना, हे बघायला. तो नॉर्मल येणं ही चांगली बातमी असते, आजार नसल्याचा दाखला नसतो. स्किझोफ्रेनियाचं निदान मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणं किती दिवस आहेत ते पाहून करतात. ‘मेंदूच्या तारांचा संपूर्ण नकाशा काढून आजार सांगतो’ असं कुणी म्हणालं, तर पाकिटाला हात लावायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा. चोवीस तास बोलायला सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि आजार जुना असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी ४० टक्के अपंगत्व लागतं आणि ते ‘आयडियाज’ नावाच्या भारतीय मोजपट्टीवर ठरतं: स्वतःची काळजी घेता येते का, माणसांत वागता येतं का, बोलणं-समजणं कसं आहे, काम जमतं का, आणि आजार किती वर्षांचा आहे. त्या फॉर्मात एमआरआयचा रकाना नाही, कुणी मागितला तर नियम दाखवायला सांगा.

ते गृहस्थ जमीन गहाण न टाकता परत गेले. पोराच्या गोळ्या चालू आहेत, गेल्या पावसाळ्यापासून तो सकाळी डेअरीला दूध घालून येतो.